मुंबईत अभिनेत्री म्हणून पहिली दोन वर्षं: ऑडिशन, करार, सेट आणि मधले रिकामे महिने

मालिकेत काम करायला मुंबईत येणारी मुलगी तयारी करते ती बहुतेक कॅमेऱ्यासमोरची. नाच शिकते, उच्चार सुधारते, फोटो काढून घेते. ते सगळं हवंच. पण गुणी मुलीसुद्धा वर्षभरात बॅग भरून परत जातात, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा पैशांचं आणि तारखांचं कोलमडलेलं गणित असतं. काम मिळवणं ही एक गोष्ट, मिळालेलं टिकवणं ही दुसरी, आणि एक काम संपून दुसरं लागेपर्यंत तग धरणं ही तिसरी. या तिसरीची तयारी सगळ्यात आधी करायची, म्हणून सुरुवात तिथूनच.

गाठीला किती पैसे हवेत

टीव्हीत पैसे उशिरा येतात. हिंदी मालिकांत ९० दिवसांचं चक्र रूढ आहे आणि मराठीतही अनेक निर्मिती संस्था तेच पाळतात. समजा, १ जूनला शूट सुरू झालं. जूनचं बिल महिनाअखेरीला लागतं, तिथून ९० दिवस मोजले की सप्टेंबर संपत येतो. म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने रोज कामावर जाऊनही खात्यात एक रुपया आलेला नसतो. भाडं, प्रवास, पार्लर, फोनचं बिल मात्र चालूच. त्याआधीचे ऑडिशनचे महिने वेगळे. म्हणून निदान आठ महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडून येऊ नका. तेवढा नसेल तर संध्याकाळच्या शिकवण्या, घरून करता येणारं भाषांतर, डबिंग असं काहीतरी सोबत ठेवा. सकाळी दहा ते सहाची पक्की नोकरी मात्र ऑडिशनच्या वेळांशी जुळत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

हातात किती पडतं तेही मांडून बघा. पर डे, म्हणजे एका दिवसाचा मोबदला, ५,००० रुपये ठरला आणि महिन्यात १८ दिवस काम झालं, तर बिल ९०,००० चं. त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देण्याआधीच कापला जाणारा आयकर), म्हणजे ९,००० कापले जातात. उरले ८१,०००. काम एजंटकडून किंवा को-ऑर्डिनेटरकडून आलं असेल तर त्याचं कमिशन. २० टक्के धरलं आणि ते मूळ बिलावर असेल तर १८,०००, हातात आलेल्या रकमेवर असेल तर १६,२००. हा फरक दर महिन्याला पडतो, त्यामुळे कमिशन कशावर मोजायचं हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. टीडीएस बुडत नाही. आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली तो जमा दिसतो आणि कर तेवढा बसत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. त्यासाठी विवरणपत्र भरावं मात्र लागतं. मेकअपचं सामान, कपडे, कामासाठीचा प्रवास यांच्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवत जा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. ती वेळ येण्याआधीच एक सीए गाठून ठेवा.

राहायचं कुठे

ऑडिशन बहुतेक अंधेरी पश्चिमेला: आराम नगर, यारी रोड, वर्सोवा, ओशिवरा. शूटिंग मात्र पसरलेलं असतं. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढचे बंगले, मीरा रोड-काशीमिरा आणि ठाण्याचा घोडबंदर रोड हे मराठी मालिकांचे नेहमीचे पत्ते. या सगळ्यांच्या मध्ये बसतात ते गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. मेट्रो २ए दहिसरहून अंधेरी पश्चिमेला आणि मेट्रो ७ दहिसरहून गुंदवलीला जाते. जानेवारी २०२३ पासून दोन्ही पूर्ण चालू असल्याने कांदिवली-बोरिवलीत राहूनही ऑडिशनला वेळेत पोहोचता येतं. डोंबिवली-कल्याणला नातेवाईक असतील तर सुरुवातीला तिथे राहणं स्वस्त पडतं, पण निरोप सकाळी अकराला येतो आणि दोनच्या आत आराम नगरला पोहोचायचं असतं. तिथून ते दर वेळी जमत नाही.

मढला वर्सोव्याहून फेरीबोट आहे, पण रात्री उशिराच्या पॅक-अपला, म्हणजे शूट संपवून निघताना, तिचा उपयोग नाही. मालाडवरून मार्वे रोडने फिरून यावं लागतं. मढचं काम घेतलंत तर परतीची गाडी प्रॉडक्शनची असेल हे आधी ठरवा.

घर घेताना ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. आणि मालकिणीला पहिल्याच भेटीत सांगा, की मी शूटिंग करते, रात्री उशिरा गाडी सोडायला येईल. हे लपवलं की दुसऱ्या महिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी दारात येतो, आणि शूट चालू असताना घर बदलण्याइतका त्रास कशाचाच नाही.

शिकायचं कुठे

कॅमेऱ्याचं तंत्र सेटवर महिनाभरात अंगवळणी पडतं, पण समोरच्याचं ऐकून त्यावर बोलणं रंगमंचावर जास्त चांगलं शिकायला मिळतं. मुंबईतल्या रुईया, रुपारेल, पोदार, साठये, डहाणूकर अशा कॉलेजांच्या नाट्यमंडळांतून आणि एकांकिका स्पर्धांतून कितीतरी कलाकार आले, आणि मालिकांचे लेखक-दिग्दर्शकही तिथूनच आले. ओळखी तिथेच होतात. कॉलेज संपलं असेल तर एखाद्या प्रायोगिक संस्थेत जा, बॅकस्टेजला उभं राहायचीही तयारी ठेवा. रीतसर शिकायचं असेल तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्यात ललित कला केंद्र आणि एफटीआयआय आहे.

तीन-चार दिवसांच्या महागड्या वर्कशॉपबद्दल आमचं स्पष्ट मत: 'वर्कशॉपनंतर रोल नक्की' असं जिथे सांगतात तिथे जाऊच नका. शिकवणारा कोण आहे, त्याने स्वतः काय काम केलंय, एका बॅचला किती जण असतात आणि प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर किती वेळ मिळतो, एवढं विचारा. तीस जणांच्या बॅचमध्ये दिवसभरात एखाद-दुसरा टेक वाट्याला येतो.

भाषेवर रोज वेळ द्या. वर्तमानपत्रातला अग्रलेख दहा मिनिटं मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, ऐका. 'चमचा' आणि 'चंदन', 'जग' आणि 'जय' यांतले च-ज वेगळे येतात का, 'ण' आणि 'ळ' पूर्ण लागतात का, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का, हे तपासा. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होत्या; प्रत्येक शब्द शेवटपर्यंत नेण्यासाठी बातमीवाचनासारखा सराव नाही. आणि गावाकडची बोली पुसून टाकू नका. मालवणी, वऱ्हाडी, आगरी, कोल्हापुरी खरीखुरी बोलणारी मुलगी कास्टिंगवाल्यांना सहज मिळत नाही. प्रमाण मराठी त्याच्या जोडीला शिका. प्रोफाइलमध्ये मात्र जी बोली पाच मिनिटं न अडखळता बोलता येते तीच लिहा.

फोटो आणि प्रोफाइल

मोठा पोर्टफोलिओ लागत नाही. पाच फोटो पुरतात: मेकअपशिवाय क्लोज-अप, हसरा क्लोज-अप, कमरेपर्यंतचा एक, साडीतला पूर्ण उंचीचा, आणि कुर्ता किंवा जीन्समधला पूर्ण उंचीचा. दिवसा खिडकीशेजारी चांगल्या फोनवर काढलेले चालतात. फिल्टर नको, त्वचा गुळगुळीत केलेली नको. फोटोतली मुलगी आणि दारातून आत आलेली मुलगी वेगळी दिसली की तिथेच नंबर कटतो. केस कापले, वजन बदललं, दाताला तार लावली, की त्याच आठवड्यात नवे फोटो.

प्रोफाइल एकाच पानाचं. नाव, फूट-इंचांत उंची, कोणत्या वयाच्या भूमिका शोभतील तो पट्टा, भाषा, कामं, आणि खरोखर येणारी कौशल्यं: दुचाकी चालवणं, पोहणं, कथक, लावणी, तलवार. 'दुचाकी येते' असं लिहिलेलं असेल तर युनिट पहिल्या दिवशी स्कूटर समोर आणून ठेवतं. घरचा पत्ता आणि आधार क्रमांक प्रोफाइलवर घालू नका.

सेल्फ टेस्ट कशी पाठवायची

आता पहिली चाळणी बहुतेक फोनवरच होते. सीन व्हॉट्सअॅपवर येतो आणि संध्याकाळपर्यंत टेस्ट मागतात. इथे चांगला अभिनयही तांत्रिक चुकांमुळे वाया जातो, म्हणून हे नीट बघा.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर. मागची भिंत साधी, फिकट. आणि तिच्यापासून तीन-चार फूट पुढे उभ्या राहा, नाहीतर सावली भिंतीवर पडते. खिडकी फोनच्या मागे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर चेहरा काळा दिसतो. रात्र असेल तर दोन दिवे समोरून दोन्ही बाजूंनी, पांढऱ्या कापडाआडून. डोक्यावरची ट्यूब एकटी वापरली की डोळ्यांखाली खड्डे दिसतात. पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या बंद. फ्रेम छातीपासून वर. सीनमध्ये हालचाल असेल तर कमरेपासून. पांढरा कपडा टाळा, बारीक रेघांचाही टाळा. रेघा स्क्रीनवर थरथरतात.

क्यू, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं, द्यायला दुसरं माणूस हवंच. ती व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर उभी राहील आणि हळू, सपाट बोलेल. ती फोनच्या जवळ असल्याने जोरात बोलली तर तिचाच आवाज टेस्टभर भरून राहतो. तुमची नजर तिच्याकडे, लेन्सकडे नाही. लेन्समध्ये बघायचं ते फक्त इंट्रोला.

इंट्रो तीस सेकंदांचा: नाव, वय, उंची, राहता कुठे, भाषा, आधीचं काम, तारखा मोकळ्या आहेत का. मग डावी-उजवी प्रोफाइल आणि पूर्ण उंची. जाहिरातीसाठी हाताच्या दोन्ही बाजूही दाखवायला सांगतात. इंट्रो गडबडीत उरकू नका. अनेक कास्टिंगवाले आधी तोच बघतात, कारण माणूस म्हणून मुलगी कशी आहे ते तिथे कळतं.

सीन पाठ करताना आधी समोरच्या पात्राची वाक्यं वाचा. आपल्या पात्राला या सीनमध्ये काय हवंय हे एका ओळीत लिहा, मग आपली वाक्यं हाताने दोनदा लिहून काढा. लिहिताना जिथे अडखळाल, कॅमेऱ्यासमोरही तिथेच अडखळाल. दोन वेगळे टेक पाठवा, सहा नकोत. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलं की दर्जा घसरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लिंक दुसऱ्या फोनवर उघडून बघा. परवानगी बंद असलेली लिंक पाठवून पुढच्या निरोपाची वाट बघत बसलेल्या मुली खूप आहेत. फाइलला नाव द्या: तुमचं नाव, पात्राचं नाव, तारीख.

टेस्ट पाठवली की विषय डोक्यातून काढून टाका. एकदा 'मिळाली का' विचारा, पुन्हा विचारू नका. 'होल्ड' सांगितलं तर त्या तारखा त्यांच्यासाठी अडवलेल्या, पण काम पक्कं नाही. 'लॉक' म्हटलं तरच पक्कं, आणि तेही करारावर सही होईपर्यंत तोंडीच. दोन ठिकाणी होल्ड असेल तर दोघांनाही कळवा. ही माणसं एकमेकांना ओळखतात.

पैसे मागितले, की बाहेर

काम देणारा कधीही पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन फी, ऑडिशन फी, 'आर्टिस्ट कार्ड', 'तुमचं फायनल झालंय, फक्त कॉस्च्युमचं डिपॉझिट भरा', 'आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा': या सगळ्यांना एकच उत्तर, नाही. सिंटाचं, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचं सभासदत्व घ्यायचं असेल तर फी थेट संघटनेत भरायची, मधल्या माणसाकडे नाही.

निरोप आला की तीन गोष्टी विचारा: निर्मिती संस्था कोणती, कास्टिंग कोण करतंय, ऑडिशनचा पत्ता काय. मग संस्थेच्या अधिकृत पानावरचा नंबर शोधून तिथे खात्री करा. निरोपातल्याच नंबरवर फोन करून उपयोग नाही. ऑडिशन स्टुडिओत किंवा ऑफिसात, दिवसा. हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या फ्लॅटवर बोलावलं तर जाऊ नका. सोबत मैत्रीण न्या, लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवा. टेस्टसाठी कपडे कमी करायला सांगणारा कास्टिंग करत नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

करार वाचताना

लुक टेस्ट (पात्राच्या वेशातली चाचणी) झाली, मॉक शूट (चाचणीपुरतं चित्रीकरण) झालं, चॅनलने होकार दिला, की करार येतो. बहुतेक वेळा 'उद्याच सही हवी' म्हणून. एक रात्र मागून घ्या. तेवढ्यासाठी रोल जात नाही. करार इंग्रजीत असतो, वकिलाला दाखवायचे पैसे वाचवू नका, आणि खालचे मुद्दे स्वतः शोधा.

पर डे किती आणि महिन्याला किमान किती दिवसांची हमी. ही हमी नसेल तर कथानक दुसऱ्या पात्राकडे वळलं की महिन्यात चारच दिवस काम मिळतं, आणि करार मात्र दुसरीकडे जाऊ देत नाही. शिफ्ट किती तासांची. रूढ शिफ्ट १२ तासांची, पण ती मेकअपच्या वेळेपासून मोजायची की पहिल्या शॉटपासून, हे लिहिलेलं असावं. त्यापुढच्या तासांचं काय. पॅक-अप आणि पुढचा कॉल टाइम (सेटवर हजर राहायची वेळ) यांत किती तासांची विश्रांती. पैसे किती दिवसांनी.

मग एक्सक्लुझिव्हिटी. 'फक्त याच चॅनलवर' आणि 'दुसरं कुठलंही काम नाही' यांत मोठा फरक आहे. मराठीत नाटक, चित्रपट, जाहिरात, डबिंग आणि समाजमाध्यमांवरची सशुल्क पोस्ट यांची परवानगी नावानिशी लिहून घ्या. नाटकाला नाईटप्रमाणे पैसे मिळतात आणि प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी असतात; म्हणून प्रयोगांच्या तारखा महिनाभर आधी दिल्या तर सुट्टी मिळेल, हे वाक्य करारात असू द्या. तोंडी 'बघू, अॅडजस्ट करू' हे ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, बदलला की संपतं.

नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी हवी. 'कलाकाराने तीन महिने आधी कळवावं, निर्माता केव्हाही काढू शकतो' असा मसुदा सर्रास येतो. बोलून घेतलं तर त्यात बदल होतो. मालिका बंद व्हायची बातमी कधी कधी शेवटच्या शूटच्या दोन-तीन आठवडे आधीच कळते. लीपबद्दलही, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेण्याबद्दलही, विचारा: बावीस वर्षांच्या मुलीला दहा वर्षांच्या मुलाची आई व्हायचं नसेल, तर तेव्हा बाहेर पडायची मुभा आहे का. जवळिकीचे प्रसंग असतील तर ते आधी लेखी वाचायला मिळावेत, सेट बंद असावा, आणि ठरल्याबाहेर काही चित्रित होऊ नये.

जाहिरातीचा करार वेगळाच. तिथे दिवसाच्या पैशांइतकंच महत्त्व वापराला आहे: किती महिने, कुठल्या माध्यमांत, देशात की बाहेरही. आणि त्या काळात त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं काम करता येत नाही. चहाची एक जाहिरात केली की तेवढे महिने दुसऱ्या चहाची दारं बंद, त्याची भरपाई त्या रकमेत धरलेली असायला हवी.

सेटवरचा दिवस

सातचा कॉल म्हणजे सातला मेकअपच्या खुर्चीत. बॅगेत स्वतःचे ब्रश आणि स्पंज, स्वतःचं काजळ, मस्कारा, लिपस्टिक. डोळ्यांचं संसर्गाचं दुखणं सेटवर असंच पसरतं. सेफ्टी पिना, काळी आणि अंगाच्या रंगाची अंतर्वस्त्रं, सपाट चप्पल, सॅनिटरी पॅड, चार्जर, पाण्याची बाटली. आउटडोअरला व्हॅनिटी (कलाकारांची मेकअपची गाडी) आहे का, नसेल तर स्वच्छतागृह कुठे, हे आदल्या रात्री एडीला, म्हणजे सहायक दिग्दर्शकाला, विचारा. यात संकोच नको.

सीनचे कागद बऱ्याचदा त्याच दिवशी, कधी मेकअप चालू असताना हातात येतात. म्हणून घरी केलेली पाठांतराची पद्धत इथे कामी येते. एकच सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळे दिसतील अशा शॉटमध्ये, होतो, मग प्रत्येकाचे क्लोज आणि सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट). मास्टरमध्ये 'आई' म्हणताना उजव्या हाताने पदर खांद्यावर ओढला असेल, तर क्लोजमध्येही त्याच शब्दावर, त्याच हाताने. कप कुठल्या हातात, घोट कोणत्या शब्दाआधी, हे जुळलं नाही तर एडिटरला तुमचा चांगला क्लोज टाकून द्यावा लागतो. तेव्हा मास्टरमध्येच हालचाली कमी आणि ठरवून करा. कपड्यांच्या प्रत्येक चेंजनंतर समोरून, बाजूने, पाठीमागून फोटो काढून ठेवा: बांगड्या किती, कुंकू केवढं, नथ कोणती, गजरा कुठल्या बाजूला. आठ दिवसांनी पॅचवर्क, म्हणजे राहिलेले शॉट, निघालं की सगळे तेच विचारतात.

कपड्यांत लपवलेल्या माइकला मंगळसूत्र आणि कडक काठाची पैठणी या दोन्हींचा आवाज लागतो. माइक लावताना साउंडवाल्यासमोर पदर हलवून दाखवा. छातीवर हात आपटायचा असेल तर आधी सांगा. माइक लावायला स्त्री सहायक मागू शकता, किंवा वायर स्वतः आतून घेऊ शकता. आणि माइक अंगावर असताना बोललेलं सगळं कुणाच्या तरी कानात जातं.

रडण्याच्या सीनला ग्लिसरीन वापरायचं असेल तर स्वतःची छोटी बाटली ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, अगदी थेंबभर पुरतं. जास्त घातलं की डोळे लाल होतात आणि पुढच्या आनंदी सीनपर्यंत उतरत नाहीत. दिवसात असे तीन सीन लागले असतील तर एडीला सांगून ते शेवटी घ्यायला लावा. मोठ्या भांडणाच्या सीनला रिहर्सलमध्ये आवाज अर्धाच ठेवा. तो टेकसाठी राखायचा.

मेकअप दादा, हेअर ड्रेसर ताई, स्पॉट दादा, लाइट दादा यांना नावाने ओळखा. दिवसाचे बारा तास तुम्ही त्यांच्या भरवशावर असता. मेकअप उतरवल्याशिवाय गाडीत झोपू नका.

त्रास झाला तर

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, आउटडोअरला आणि प्रॉडक्शनच्या गाडीतही, आणि कराराने काम करणाऱ्यांनाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, बाहेरचा एक सदस्य हवा. समितीवर कोण आहे हे कामाच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मेसेज, कॉल-शीट (त्या दिवसाच्या शूटचं वेळापत्रक), त्या दिवशी सेटवर कोण होतं त्यांची नावं लगेच लिहून ठेवा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुंबई पोलिसांचा १०३.

वय अठराच्या आत असेल तर

अल्पवयीन मुलीने सही केलेला करार कायद्याने टिकत नाही, सही पालकांची लागते. चौदाच्या आतल्या मुलींसाठी २०१७ चे नियम नेमके आहेत: शूट जिथे असेल तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. पालकांनी ठेवीची पावती मागून घ्यावी.

शाळेचं काय करायचं हे सहीआधी ठरवा. दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. चित्रपटामुळे एकदम प्रसिद्धी मिळाल्यावर अकलूजच्या रिंकू राजगुरूनेही दहावी बाहेरूनच दिली. पुढे पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. परीक्षेच्या तारखा करारात सुट्टी म्हणून घालाव्यात.

मालिका संपल्यावर

शेवटच्या शूटच्या आठवड्यातच तीन-चार चांगल्या सीनच्या क्लिप जमवा आणि दोन मिनिटांची शो-रील करा. पुढे एपिसोड सहज सापडत नाहीत. केस, वजन, लुक शक्य तितका बदला आणि नवे फोटो पाठवा, कारण दोन वर्षं रोज दिसलेला चेहरा प्रेक्षकांच्या मनात त्या पात्राचाच असतो. लगेच तशाच भूमिकेला हो म्हणण्यापेक्षा एखादं नाटक घ्या. डबिंग आणि व्हॉइस-ओव्हर यांत चेहरा खर्च होत नाही, पैसे मिळतात आणि भाषा घासली जाते. ब्रँडच्या सशुल्क पोस्टवर 'जाहिरात' असं ठळक लिहावं लागतं, फुकट मिळालेली वस्तू असली तरी. आणि वर्षात एकाच कंपनीकडून अशा वस्तू २०,००० रुपयांच्या वर गेल्या तर त्यावरही टीडीएस लागतो. आरोग्य विमा स्वतःचा काढा, इथे तो कुणी मालक काढून देत नाही.

आणि थकबाकी. मालिका बंद झाली तरी शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे यायचे असतात, नेमके तेच अडकतात. काम केलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद, तारीख, कॉल टाइम, पॅक-अपची वेळ, पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा आणि दर महिन्याला बिल ईमेलने पाठवा, फोनवर सांगून सोडू नका. मुदत उलटली की आधी निर्मिती संस्थेच्या अकाउंट्सला लेखी आठवण, पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर चॅनलला प्रत, आणि मग सभासद असाल तर सिंटाकडे तक्रार. तिला करार, बिलं, ईमेल आणि वहीतल्या नोंदींची प्रत जोडा.